हिरव्याचा जोडीदार

गेल्या महिन्यात भाचा चार दिवस राहायला आला होता. पुण्यात संगणकाच्याच क्षेत्रात नोकरी करतो, त्यामुळे आत्याच्या घरातल्या यंत्रांची तपासणी करणं हा तो आपला हक्क समजतो. मी दिवाणखान्यात जमिनीवर फतकल मारून बसले होते. समोर निळ्या केबलचं वेटोळं, वाटीत पारदर्शक कनेक्टर, हातात क्रिम्पर. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "आत्या, हे अजून कुणी घरी करतं? मोबाइलवर दोनदा बोट लावलं की उद्या सकाळी तयार केबल दारात."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"मग कशाला?"

"हौस," मी म्हटलं. तो हसला आणि चहा मागितला. पण उत्तर खोटं होतं हे मला कळत होतं. हौस मला कुंड्यांची आहे, भरतकामाची आहे, अधूनमधून इथे काहीबाही लिहायची आहे. केबल मी हौसेने करत नाही. त्याचं खरं उत्तर द्यायचं तर २०२० मधली एक गोष्ट सांगावी लागते आणि ती फारशी माझ्या बाजूची नाही. घरातल्या चौघांना ती ठाऊक आहे. बाकीच्या नातेवाइकांनी इथेच वाचावी.

आधी पैशांचं बोलून टाकू, कारण सगळ्यांचा पहिला अंदाज तोच असतो की काटकसर चालली आहे. घरी केबल करून पैसे वाचत नाहीत. निदान माझे वाचले नाहीत. क्रिम्पर ४५० रुपयांचा, टेस्टर २०० चा, कनेक्टरची पिशवी वेगळी, आणि त्या पिशवीतले पहिले दहा कनेक्टर शिकण्यात वाया. कनेक्टर एकदा दाबला की दाबला, शिवणीसारखा उसवता येत नाही. केबलचं पूर्ण खोकं घेतलं तर त्यात ३०५ मीटर असतात, म्हणजे १००० फूट. एवढी तार संपवायला घर नाही, शाळा पाहिजे. एक-दोन मीटरच्या तुकड्यासाठी तर हा उद्योग मुळीच करू नये. कारखान्यातला तयार तुकडा स्वस्त पडतो आणि तो आपल्यापेक्षा चांगला असतो. त्यातल्या तारा बारीक धाग्यांच्या असतात, त्यामुळे वाकवल्या-गुंडाळल्या तरी तुटत नाहीत. भिंतीतून न्यायच्या केबलमध्ये प्रत्येक तार अखंड, साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. ती एका जागी पडून राहण्यासाठी असते, रोज हलवण्यासाठी नाही.

मग आम्ही का केली? तर आमचं साताऱ्याचं घर. नवऱ्याच्या आजोबांनी बांधलेलं, काळ्या दगडाचं, दीड फूट जाडीच्या भिंतींचं. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून सगळे कौतुक करतात. वाय-फायला मात्र त्या भिंतींनी कधी दाद दिली नाही. राउटर खाली पुढच्या खोलीत, लेकीची खोली वर मागच्या बाजूला. तिथे मोबाइलवरची ती पंख्यासारखी खूण जेमतेम एक काडी दाखवायची, तीही खिडकीत उभं राहिलं तर. २५ मार्च २०२० पासून सगळं बंद झालं आणि लेकीचं कॉलेज त्या एका काडीवर आलं.

जूनमध्ये दुकानं थोडी थोडी उघडली. मी बाजारात जाऊन २५ मीटर केबल आणि बाकीचं सामान आणलं. त्या दिवसांत घरी कारागीर बोलवायची भीती वाटायची, आणि शिवाय आमच्यापुढे एक अगदी व्यावहारिक अडचण होती. दगडी भिंतीला नवऱ्याने मोठ्या कष्टाने जे भोक पाडलं ते दहा मिलिमीटरचं. त्यातून केबल जाते, कनेक्टर लावलेली केबल जात नाही. म्हणजे आधी तार ओवायची आणि मग टोकं करायची, याला पर्याय नव्हता.

बाजारात दोन भावांच्या केबल होत्या. दिसायला सारख्या, किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक. दुकानदार चांगला माणूस. त्याने स्वस्तातल्या तारेवर ब्लेड ओढून दाखवलं. वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं. अॅल्युमिनियम. ते तांब्याइतकी वीज वाहून नेत नाही आणि दोन-चारदा वाकवलं की मोडतं. मी महागातली, अस्सल तांब्याची घेतली आणि आपण फसलो नाही या आनंदात घरी आले. फसायचं अजून बाकी होतं, आणि ते मी माझं मीच करणार होते.

केबलचं निळं साल सोललं की आत आठ तारा असतात, दोन दोनच्या चार जोड्या. नारिंगी आणि तिच्याबरोबर पांढरी-नारिंगी, तसंच हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. या आठ तारा ओळीने लावून कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि क्रिम्परने दाबायच्या, की आतली सोनेरी पाती तारांत रुततात. झाली केबल. क्रम कुठला, हा प्रश्न आला तेव्हा मी एक कागद बघितला होता. त्यात पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, आणि मग मध्येच निळी, पांढरी-निळी, आणि त्यानंतर हिरवी, असं काहीतरी विचित्र दिलं होतं. मला ते छापताना चुकल्यासारखं वाटलं. हिरव्या जोडीची अशी ताटातूट कशाला? मी विचार केला (इथेच सगळं बिघडलं) की आठ तारा आहेत, आठ पिना आहेत. इकडची पहिली तिकडे पहिलीला, दुसरी दुसरीला, असं आठही जुळलं म्हणजे झालं. रंग काय, ओळखण्यापुरते. मग मी छान शिस्तीत लावलं. नारिंगीची जोडी, हिरवीची जोडी, निळीची जोडी, तपकिरीची जोडी. दोन्ही टोकांना अगदी तस्संच.

टेस्टर लावला. एक, दोन, तीन... आठही दिवे ओळीने हिरवे लागले. मी सगळ्यांना बोलावून दाखवले. लेकीने टाळ्या वाजवल्या. वरच्या खोलीत नेट आलं.

आणि तिथून पुढे चार महिने ते आलं आणि गेलं, आलं आणि गेलं.

गंमत अशी की पूर्ण कधीच गेलं नाही. वेबसाइट उघडायच्या, पत्रं जायची. तास चालू असला की मात्र शिक्षकांचा आवाज तुटायचा, चित्र थिजायचं. मध्येच पंधरा-वीस सेकंद सगळं ठप्प, आणि मग पुन्हा काही झालंच नाही असं सुरळीत. यामागचं कारण आता मला कळतं. रस्त्यात खराब झालेली माहिती संगणक पुन्हा मागवतो. वेबपान अर्धा सेकंद उशिरा आलं तर आपल्याला समजतही नाही. पण चालू बोलणं थांबून राहू शकत नाही. दोन वाक्यांमागचा शब्द आत्ता आला तर तो काय कामाचा? तेव्हा एवढं कळत नव्हतं. तेव्हा मला एकच गोष्ट पक्की माहीत होती, की माझी केबल बरोबर आहे. आठ दिवे मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते.

म्हणजे दोष नेट देणाऱ्या कंपनीचा. मी फोन करायला लागले. पहिल्यांदा गोड बोलून, मग कडक, मग तारस्वरात. त्यांच्याकडून एक मुलगा आला. विशीतला असेल, तोंडाला मास्क, पावसात भिजलेला. त्याने खाली राउटरपाशी वेग मोजला. सगळं ठीक. "मॅडम, आमच्याकडून लाइन बरोबर येतेय," म्हणाला. मी म्हटलं, मग वर का तुटतं? तो म्हणाला, "वरची केबल कुणी केली?" मी टेस्टर आणून त्याच्यासमोर आठ दिवे लावून दाखवले. आता काय बोलशील, असा तो आविर्भाव मला आजही आठवतो. तो गप्प बसला आणि राउटर बदलून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा बाहेरून आलेल्या फायबरचं टोक पुन्हा करून गेला. फरक काही पडला नाही.

ऑक्टोबरमध्ये लेकीची शेवटच्या वर्षाची परीक्षा ऑनलाइन झाली. पर्यायी उत्तरांचे प्रश्न, वेळ तासाभराचा. एका पेपरला तीनदा संपर्क तुटला. तिसऱ्यांदा पुन्हा आत शिरेपर्यंत वेळ संपत आली होती आणि शेवटचे अकरा प्रश्न तिने न वाचता खुणा केल्या. ती पास झाली, पुढे तिचं सगळं चांगलं झालं. पण ती खोलीतून बाहेर आली तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरलेले नाही. त्या संध्याकाळी मी कंपनीला लांबलचक लेखी तक्रार केली. त्यात त्या मुलाचा उल्लेख केला. दोनदा येऊनही हलगर्जीपणाने काम केलं, असे शब्द लिहिले. मराठी चांगलं असल्याचा एक तोटा म्हणजे अशी पत्रं फार झणझणीत उतरतात.

आता बाबा. आई गेल्यावर, २०१९ पासून, बाबा आमच्याकडेच आहेत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात केबल जोडण्यात काढली. ते निवृत्त झाले २००१ मध्ये. त्याआधी, १ ऑक्टोबर २००० ला खात्याची बीएसएनएल झाली होती, पण बाबांच्या तोंडी अजून 'खातं'च. रस्त्याच्या कडेला खणलेल्या खड्ड्यात बसून शंभर-शंभर, दोनशे-दोनशे जोड्यांची केबल एकेक तार जुळवून जोडायची, हे त्यांचं काम. लहानपणी आम्ही भावंडं त्यांच्याकडून पाढ्यांसारखे रंग म्हणून घ्यायचो. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी. आणि त्यांचे जोडीदार पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. पाच पंचे पंचवीस, अशा पंचवीस जोड्या ओळखायच्या. (दादाला अजून पाठ आहेत. विचारून बघा.)

त्या दिवाळीच्या आवराआवरीत वरचं कपाट सरकवलं आणि केबलच्या टोकाचा चाप मोडला. चाप मोडला की कनेक्टर खोबणीत टिकत नाही. टोक कापून नवं करावं लागतं. मी सामान घेऊन बसले. बाबा शेजारी भिंग घेऊन पेपर वाचत होते. कापलेलं टोक त्यांनी उचललं, भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. कानांनी कमी ऐकू येतं, पण नजर अजून जोडणाऱ्याचीच.

"यात बोलणं कुठल्या दोन तारांवर चालतं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"एका तारेवर बोलणं होत नसतं. एक जायची, एक यायची. जोडी लागते. तुझ्या या यंत्राच्या जोड्या कुठल्या?"

मला सांगता येईना. मी शोधून काढलं. पहिली आणि दुसरी पिन ही एक जोडी. चौथी आणि पाचवी ही एक. सातवी-आठवी ही एक. आणि तिसरी... सहावीबरोबर.

बाबांनी कनेक्टरवर नखाने मोजलं. "तीनवर पांढरा-हिरवा. सहावर निळा. मग हिरव्याचा जोडीदार कुठाय? हिरवा तर चारवर बसलाय, परक्याच्या घरात." आणि मग अगदी सहज म्हणाले, "ही स्प्लिट आहे. आमच्याकडे नवीन पोरं करायची."

मी त्या टोकाकडे बघत बसले.

बाबांनी मग सांगितलं ते असं. दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्या की बाहेरचा उपद्रव, मग तो शेजारच्या तारेचा असो की विजेच्या लाइनचा, दोघींवर सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोघींमधला फक्त फरक वाचतं. दोघींवर सारखंच पडलेलं ओझं त्या वजाबाकीत निघून जातं. ही युक्ती खुद्द अलेक्झांडर ग्रॅहम बेलची. पिळलेल्या जोडीचं पेटंट त्याने १८८१ मध्ये घेतलं. म्हणून पीळ हाच त्या केबलचा जीव. पण एक तार या जोडीतली आणि दुसरी त्या जोडीतली घेतली, तर दोघी शेजारी नाहीत, एकत्र पिळलेल्या नाहीत. उपद्रव एकीवर कमी, दुसरीवर जास्त. वजाबाकीत तो उरतो. शिवाय प्रत्येकीचं बोलणं जिच्याशी ती पिळलेली आहे तिच्यात, म्हणजे परक्या जोडीत, शिरतं. आपल्या पिढीला हे वेगळं समजवायला नको. फोनवर बोलताना मध्येच कुणा अनोळखी काकूंचं लग्नाच्या याद्यांचं बोलणं ऐकू यायचं. 'क्रॉस कनेक्शन' म्हणायचो आपण त्याला. त्यामागच्या अनेक कारणांतलं हे एक.

आणि टेस्टर? टेस्टर फक्त एवढंच बघतो की इकडच्या एक नंबरला सोडलेली वीज तिकडे एक नंबरला पोचते का. तांबं सलग आहे, एवढीच त्याची साक्ष. कोण कोणाशी पिळलेलं आहे हे त्याला विचारलेलंच नसतं. आठ दिवे खोटं बोलत नव्हते. मीच त्यांना जे माहीत नव्हतं ते त्यांच्या तोंडी घातलं होतं.

ज्याला मी छापताना झालेली चूक समजले तो क्रम म्हणजे सगळं जग वापरतं तो. केबल जोडणीचं हे अमेरिकी मानक पहिल्यांदा १९९१ मध्ये निघालं. त्याच्यात रंगांच्या दोन मांडण्या आहेत, ए आणि बी, आणि दोन्हींत मधल्या दोन पिनांवर निळी जोडीच असते. कारण टेलिफोनच्या खोबणीत लाइन मधल्या दोन पिनांवर यायची आणि ती जागा मोडायची नव्हती. म्हणून तिच्या दोन बाजूंना पाय फाकून दुसरी जोडी बसवली, तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर. मी बाबांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते एकदम खूश झाले. "म्हणजे मधली जागा आमचीच ठेवली म्हण की!"

दोन्ही टोकं पुन्हा केली. या वेळी बाबा समोर बसून एकेक रंग म्हणत होते आणि मी लावत होते. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. चाप खाली, सोनेरी पाती वर, केबल आपल्याकडे धरून डावीकडून मोजायचं. पीळ टोकापाशी जेवढ्यास तेवढाच सोडायचा. मानकात त्याची कमाल मर्यादा १३ मिलिमीटर आहे, मी आधी दोन-अडीच इंच उलगडून ठेवला होता. आणि निळं साल कनेक्टरच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण नुसत्या तारांवर येतो. संगणकात लिंकचा वेग बघितला. आधी कधी १००० दाखवायचा, कधी १०० वर यायचा. आता १००० आला आणि तिथेच राहिला. टेस्टरवर दिवे पूर्वीसारखेच आठ. एकानेही जास्त हिरवेपणा दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत फोन केला. म्हटलं, ती तक्रार मागे घ्यायची आहे, चूक माझी होती. पलीकडची बाई म्हणाली, तक्रार बंद झालेली आहे. मी म्हटलं, त्या मुलाला काही झालं का? ती म्हणाली, ते सांगता येणार नाही, तो आता या भागात नाही. त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. नाव मी तक्रारीपुरतं विचारून घेतलं होतं. त्याने मला योग्य तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला होता, 'वरची केबल कुणी केली?' आणि मी त्याला दिवे दाखवून गप्प केलं होतं. याची भरपाई मला करता आलेली नाही. इथे लिहिणं ही भरपाई नव्हे, हेही कळतं.

ही सगळी गोष्ट मी भाच्याला रात्री जेवताना सांगितली. तो हुशार आहे. लगेच म्हणाला, "म्हणजे माझंच बरोबर. तयार केबल घेतली असती तर ताईची परीक्षा नीट झाली असती आणि त्या पोराला बोलणी बसली नसती."

हे खोडून काढता येत नाही. अर्धवट माहितीवर स्वतः केलेल्या कामापेक्षा दुकानातून आणलेलं बरं, हे मी माझ्या अनुभवावरून लिहून देते. शिवाय 'स्वतः केलं' याचा एक ताठा येतो तो निराळा. विकतची केबल असती तर मी तिच्यावर पहिल्याच आठवड्यात संशय घेतला असता. स्वतः केलेली होती म्हणून चार महिने घेतला नाही.

तरीही माझं मत आहे की जमेल त्याने एकदा तरी स्वतःच्या घरातली केबल करावी, नीट शिकून करावी. कारण नेटच्या बाबतीत आपण सगळे घरमालकाच्या थाटात बोलतो. 'नेट गेलं', 'नेट स्लो आहे', 'कंपनी बोगस आहे'. नेट म्हणजे कुठूनतरी येणारं पाणी, आणि आलं नाही की दोष वरच्यांचा. पण शेवटचे वीस-पंचवीस मीटर आपले असतात. आपल्या भिंतीतले, आपण (किंवा आपण बोलावलेल्या वायरमनने) केलेले. ज्याने एकदा हाताने टोक केलं आहे, त्याला हद्द कुठे संपते ते कळतं. बिघडलं की तो आधी आपल्या हद्दीत शोधतो आणि मग फोन उचलतो. ही सवय तयार केबल विकत घेऊन लागत नाही. मला तर केबल करूनही लागली नव्हती, ती चुकलेली केबल पुन्हा केल्यावर लागली.

एक उदाहरण देते. माझ्या एका मावसबहिणीने (ती हे वाचणार आहे, म्हणून नाव घेत नाही) पुण्यात नवा फ्लॅट घेतला. ३०० एमबीपीएसच्या योजनेचे पैसे भरायची आणि बेडरूममधल्या संगणकावर वेग यायचा ९४. दर महिन्याला कंपनीशी भांडण. मी गेले तेव्हा भिंतीवरचा चौकोन उघडून बघितला. वायरमनने चारच तारा जोडल्या होत्या, निळी आणि तपकिरी जोडी कापून मागे वळवून ठेवलेली. चार तारांवर नेट चालतं, पण १०० च्या पुढे जात नाही. गिगाबिटला, म्हणजे १९९९ मध्ये आलेल्या मानकाला, चारही जोड्या लागतात. राहिलेल्या चार तारा जोडायला वीस मिनिटं लागली. भांडणं दोन वर्षं चालली होती. त्या वायरमनलाही मी फार दोष देणार नाही. त्याने जोडलं, दिवा लागला, पैसे मिळाले, तो गेला. 'चालतंय की' एवढंच आपण कामाला विचारतो, मग त्यालाही तेवढंच उत्तर देता येतं.

भाच्याचा शेवटचा बाण असा होता की आता सगळं वाय-फायवर आहे, केबलचा जमाना गेला. पण वाय-फायचा प्रत्येक डबा शेवटी एका केबलच्या टोकाला लटकलेला असतो. दगडाच्या घरात तर दर मजल्याला एक डबा लागतो आणि त्यांच्यामध्ये तार ओढली तरच ते खरे चालतात. त्या दिवशी मी जी करत होते ती केबल त्याचसाठी होती, बाबांच्या खोलीतल्या डब्यासाठी. त्यांना रात्री दादाशी चित्रासह बोलायचं असतं आणि आवाज तुटला की त्यांना वाटतं, आपले कान आणखी गेले.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. टीव्हीमागचा एक मीटरचा तुकडा खुशाल विकत आणा. भिंतीतून जाणारी तार अस्सल तांब्याची घ्या, विजेच्या वायरींना खेटून नेऊ नका, आणि तिची टोकं एकदा स्वतः करून बघा. १०० मीटरपर्यंत चालते ती, घराला पुरून उरते. रंगांचा छापील क्रम विचित्र वाटला तरी तोच लावा. तो का विचित्र आहे हे आपल्याला कळत नाही, म्हणजे तो चुकीचा आहे असं नसतं. आणि टेस्टरचे दिवे लागले की थांबू नका. संगणकात लिंकचा वेग बघा, एक मोठी फाइल इकडून तिकडे पाठवा, अर्धा तास कुणाशी तरी बोला.

भाच्याने निघायच्या आदल्या संध्याकाळी एक टोक केलं. पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या. तिसरी जमल्यासारखी वाटली. त्याने टेस्टर लावला, आठ दिवे लागले आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार तेवढ्यात खुर्चीतून बाबांनी हात पुढे केला.

"आण इकडे. भिंग दे ते."

असो. तुमच्या घरातल्या भिंतीतली तार किती वेग दाखवते, १००० की १००, ते एकदा बघून मला कळवा. कंपनीला फोन करायच्या आधी बघा.